मागची बाजू दाखव

डोंबिवलीत लोकरीचा मफलर विणत बसलेल्या बाईला "कसा विणता हो?" असं कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, "कोणाला?" दूध टाकणाऱ्या मुलाने विचारलं, इस्त्रीवाल्याने विचारलं, सिलिंडर खांद्यावरून उतरवता उतरवता गॅसवाल्यानेही विचारलं. "मलाच," म्हटलं की ते आधी माझ्याकडे बघतात, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे, आणि मग घरात दुसरं कोणी जाणतं माणूस आहे का ते बघतात. आमच्याकडे थंडी येते ती टीव्हीवर. निफाडचा पारा पाचाच्या खाली गेला की डोंबिवलीत आम्ही पंखा पाचावरून तीनवर आणतो, एवढाच आमचा हिवाळा.

तरीही मी मफलर विणला. सहा फुटी, शेटलंडच्या लोकरीचा, अकरा रंगांचा आणि अंगभर झाडंपानं असलेला. एक वर्ष दोन महिने लागले. तेवढ्यात लेकीचं बाळ बसायला, रांगायला आणि चालायला शिकलं.

मूळ दोष लेकीचाच. ती स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला असते. डिंक, अळीव आणि बाळंतशोपा घेऊन मी तिच्या बाळंतपणाला गेले होते. तिसऱ्या महिन्यात जावई म्हणाले, "आई, तुम्ही इतक्या लांब येऊन आमचं स्वयंपाकघर तेवढं बघितलंत. चला, शेटलंडला जाऊ." ॲबरडीनहून संध्याकाळी जहाज सुटतं, ते बाराएक तासांनी सकाळी लर्विकला लागतं. पूर्वी एस.टी.तून जाताना कशेडी घाटात मला जे व्हायचं, ते उत्तर समुद्रात झालं. फरक इतकाच की घाट बारा तासांचा नसायचा.

शेटलंडला झाडं जवळजवळ नाहीतच. गवत, दगड, मेंढ्या आणि वारा. कुणी हौसेने भिंतीच्या आडोशाला एखादं लावलं तर ते भिंतीइतकं वाढतं आणि डोकं वर काढायच्या आत शहाणं होतं. झाडंपानांचा मफलर विणायची कल्पना मला तिथे सुचावी हे आता विचित्र वाटतं, पण उपवासाच्या दिवशीच मिसळ आठवते ना, तसलाच प्रकार.

लर्विकच्या संग्रहालयात एक चामड्याचा पट्टा बघितला. घोड्याचे केस ठासून भरलेली, भोकाभोकांची एक जाड गादी त्याला लावलेली. बायका तो कमरेला बांधायच्या आणि सुईचं एक टोक भोकात रोवायच्या, म्हणजे सुई स्थिर राहते आणि चालता चालता विणता येतं. पाठीवर जळणाच्या पीटची टोपली, पायाखाली चिखल आणि हातात स्वेटर. मला आमचा लेडीज डबा आठवला. तिथेही कल्याणला बसलेली बाई भायखळा येईस्तोवर गवार मोडून, मेथी निवडून, वाटाणे सोलून मोकळी होते. बाईचा हात रिकामा दिसता कामा नये, हे कलम दोन्हीकडे सारखंच लागू.

विणण्याला तिथे 'मॅकिन' म्हणतात, सुयांना 'वायर', आणि लहानशा कशालाही 'पीरी'. मेंढीच्या अंगच्या गडद करड्या रंगाला म्हणतात 'शेला'. मी लेकीला दोनदा विचारायला लावलं. शेलाच. खांद्यावर घ्यायच्या वस्तूला शोभेल असं नाव त्यांनी मेंढीला देऊन टाकलंय.

आता विणीबद्दल. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधे फेअर आयल नावाचं बेट आहे. लांबी पाचेक किलोमीटर, वस्ती आमच्या बिल्डिंगच्या एका विंगेपेक्षा कमी. पण रंगीत विणीला जगभर नाव त्याचंच. नियम सोपा. अख्ख्या कपड्यात रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. एक जमिनीचा, एक नक्षीचा. ज्याची पाळी असेल तो पुढे टाका घालतो, दुसरा मागून मुकाट्याने चालत राहतो. मुरलेल्या बायका एक धागा उजव्या हाताने आणि दुसरा डाव्या हाताने चालवतात, आणि वर बोलतातही.

१५८८ साली स्पॅनिश आरमारातलं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज फेअर आयलच्या खडकांवर फुटलं, हे खरं. त्यातल्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना ही नक्षी शिकवली, ही दंतकथा. जाणकार ती मानत नाहीत. डोळ्यांसमोर आणून बघा: बुडत्या जहाजातून वाचलेला खलाशी, दाढीतून पाणी निथळतंय, दातावर दात आपटतायत, आणि तो म्हणतो, "बाई, दोन सुलट लाल, एक सुलट पांढरा." पण आपल्याकडेही घरातल्या प्रत्येक पोचे आलेल्या डब्याला पेशव्यांचा मुदपाकखाना चिकटलेला असतोच, म्हणून मी हसले नाही.

या विणीला दिवस आले ते मात्र राजपुत्रामुळे. १९२२ साली वेल्सचा राजपुत्र (पुढे राजा होऊन गादी सोडली तोच एडवर्ड) सेंट अँड्रूजच्या गोल्फ क्लबाचा कप्तान झाला आणि फेअर आयलचा स्वेटर घालून मैदानात उतरला. झालं, सगळ्यांना तो हवा. हाच राजपुत्र नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईला उतरला होता, त्या दिवशी परळला विलायती कापडांची होळी पेटली होती. स्वेटर त्याने पुढच्या वर्षासाठी ठेवला, ते लोकरीच्या दृष्टीने बरंच झालं.

मला भुरळ पडली ती लर्विकच्या एका बाईंच्या कात्रीमुळे. सत्तरी ओलांडलेल्या, गालावर वाऱ्याने ओढलेल्या लाल रेघा. फेअर आयलचा स्वेटर पुढून उघडा असला तरी विणताना पिंपासारखा बंद, गोल विणतात, म्हणजे नक्षीची सुलट बाजू सतत डोळ्यांसमोर राहते. पूर्ण झाला की मधोमध कापतात. होय, कात्रीने. बाईंनी कित्येक महिन्यांचं काम मांडीवर घेतलं आणि गळ्यापासून खाली चर्र करून फाडत नेलं. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं, ते कुठल्याही भाषेत कळण्यासारखं होतं. पण एक टाका सुटला नाही. शेटलंडच्या मेंढीची लोकर अशी की धागा धाग्याला धरून बसतो. शिवाय कापायच्या जागी जादा टाके आधीच घातलेले असतात. बाईंनी कात्री ठेवली आणि चहाचा घोट घेतला. मी त्याच दुपारी लोकर घ्यायला गेले.

दुकानात भिंतभर कप्पे, दोनशेच्या वर छटा आणि प्रत्येकीला आकडा. इथे माझी पंचाईत झाली. आपण रंग आकड्यांत विचारत नाही, भाजीबाजारात आणि बागेत विचारतो. डाळिंबी, आमसुली, अबोली, जांभळा, वांगी, लिंबू, पिस्ता, बदामी, शेवाळी, केशरी. साडीच्या दुकानात गादीवर बसून "आमसुली दाखवा, पण चिंचेकडे जाणारी नको" म्हटलं की माणूस बरोब्बर तीच घडी ओढतो. वनस्पतींवरून स्फूर्ती घ्या असं मराठी बाईला सांगावं लागत नाही, तिच्या कपाटात परसबागच टांगलेली असते. तर मी लेकीला सांगितलं, "त्यांना म्हणावं, सोलकढीचा रंग द्या. ताज्या नव्हे, रात्रभर राहिलेल्या." लेकीने माझ्याकडे बघितलं, दुकानातल्या बाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "पिंक."

शेवटी मीच कप्प्यांना हात घातला. कढीपत्त्याची जून पानं, कढीपत्त्याची कोवळी पानं, गोकर्णाचा निळा, सदाफुलीचा गुलाबी, तिच्या मधला गडद ठिपका, झेंडू, अळूच्या देठाचा जांभळट, तुळशीची मंजिरी, ओली माती, वाळकी माती, आणि जमिनीसाठी शेला. म्हणजे आमची बाल्कनी, कुंड्यांसकट. अकरा रंगांचे सोळा गुंडे झाले, प्रत्येकी २५ ग्रॅम, एकेकात शंभर मीटरच्या वर धागा. परत येताना बॅगेत नातेवाइकांच्या चॉकलेटांना जागा उरली नाही, आणि ते नातेवाईक अजून विसरलेले नाहीत. नवरा विमानतळावर बॅग उचलून म्हणाला, "हलकी कशी?" घरी उघडल्यावर म्हणाला, "तिथली थंडी पैसे देऊन आणलीस."

घरी आल्यावर चौकटीचा कागद घेतला. चौतीस वर्षं बँकेत चौकटी भरल्यात, त्यामुळे भीती नव्हती. घेर ११२ टाके, कारण ११२ ला सात, आठ, चौदा, सोळा, अठ्ठावीस, सगळ्यांनी भाग जातो आणि नक्षी मधेच तुटत नाही. लांबी ५७६ ओळी. गुणाकार करायचा मोह झाला तो केला: ६४,५१२ टाके. हा आकडा मी कोणालाही सांगितला नाही. गृहकर्जाचं एकूण व्याजही गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगत नाहीत.

पहिली अडचण सदाफुलीने केली. सदाफुलीला पाच पाकळ्या, आणि चौकटीच्या कागदावर पाच पाकळ्या बसत नाहीत. चार बसतात, आठ बसतात. पाच काढायला गेलं की एक पाकळी पाहुणी आल्यासारखी दिसते. नॉर्वेत सेल्बू नावाचं गाव आहे, तिथल्या मारित नावाच्या मुलीने १८५७ साली दोन रंगांच्या विणीत गुलाब काढलेले हातमोजे घातले आणि ते गावभर, मग देशभर गेले. तो गुलाबही आठ पाकळ्यांचा, खरं तर चांदणीच. तिने शहाणपण केलं आणि त्याला गुलाब म्हणून मोकळी झाली. मला वाटलं, आपण ठिपक्यांच्या रांगोळीवर वाढलेल्या, आपल्याला काय अवघड? पण रांगोळीत आपण अधलेमधले ठिपके देतो, म्हणून तिथे सहा पाकळ्यांचं फूल सुरेख बसतं. विणीत अधलामधला टाका नसतो. तासभर खोडरबर झिजवून मी सदाफुलीला आठ पाकळ्या दिल्या. भरपूर पाणी घातलं असं समजा.

दुसरी अडचण अशी की कागदावरचा चौकोन चौरस असतो, विणीतला टाका नसतो. तो रुंदीला जास्त, उंचीला कमी. माझ्या हाताला दहा सेंटिमीटरला २८ टाके आणि ३२ ओळी येतात. म्हणजे कागदावर शेलाटी उभी असलेली तुळस लोकरीत उतरली की बाळंतपणानंतरची दिसते.

एक हातभर झाल्यावर मी कौतुकाने लोकांना दाखवायला लागले. समोरच्या वहिनी कढीपत्त्याच्या डहाळीकडे बघून म्हणाल्या, "मासा खाऊन झाल्यावर उरतं ते का?" नवऱ्याला त्यात गच्चीवरचा जुना अँटेना दिसला, आणि आम्ही सत्याऐंशी साली तो कसा फिरवायचो याची गोष्ट त्याने सुरू केली. अळूचं पान सर्वानुमते इस्पिकचा एक्का ठरलं. तुळस म्हणजे स्टंप. सदाफुलीला वॉचमनने पंखा म्हटलं, आणि उकाडा बघता ते मला लागलं नाही. फुलांच्या मधे मोकळी जागा राहू नये म्हणून मी एकेका टाक्याचे ठिपके सोडले होते, त्यांना मात्र सगळ्यांनी अचूक ठिपके म्हटलं. नॉर्वेजियन लोक त्या ठिपक्यांना उवा म्हणतात. हे मी वहिनींना सांगितलं नाही.

एप्रिल-मेमध्ये लोकर विणणं हा वेगळाच योग आहे. पंखा लावला तर दोन धागे एकमेकांत गुंततात, बंद केला तर बोटं घामेजतात आणि लोकर सुईवरून सरकेनाशी होते. मांडीवर चार हात लांब मफलर म्हणजे मांडीवर मेंढी घेऊन बसणं. मी पायाखाली थंड पाण्याची बादली ठेवून विणायचे. दोन धाग्यांपैकी एक खालून जातो, एक वरून, आणि खालून जाणाऱ्याचा रंग उठून दिसतो. हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत बदलायचं नसतं. एकदा मधेच फोन आला, उठले, परत बसताना धागे अदलाबदल झाले, आणि तिथून तीन ओळी तुळस भिंतीआड गेल्यासारखी दिसते. उसवायला हवं होतं. ३३६ टाके फक्त. नाही उसवलं.

पण खरी गोष्ट आहे मागच्या बाजूची.

ज्यांनी शाळेत शिवणाचा तास केला आहे त्यांना माहीत आहे, आपल्याकडे हातकामाला पुढची बाजू नसते. मॅटीच्या कापडावर मी क्रॉस स्टिचचा मोर काढला होता, पिसाऱ्यात सात रंग. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मागची बाजू दाखव." मागे सुगरणीचं घरटं होतं. दहापैकी चार. पैठणी घ्यायला गेलं तरी बायका पदर आधी उलटा करतात. हातमागाच्या खऱ्या पैठणीत प्रत्येक रंगाची कांडी आपापल्या जागीच फिरते, त्यामुळे असावलीची वेल इकडून दिसते तशीच तिकडून. मागे धागे लोंबत असले की दुकानदार ओशाळतो. हिमरूला मात्र हा जाच नाही. हिमरूच्या शालीत जादा धागे पाठीमागून मोकळेच धावतात, आणि त्यांच्यामुळेच ती मऊ आणि उबदार होते. माझा मफलर त्या घराण्यातला. मागे धागे असायचेच, पण ते लांब सुटता कामा नयेत. पाचेक टाके झाले की मागच्या धाग्याला मधेच अडकवून घ्यायचं असतं, नाहीतर त्यात बोट जातं, अंगठी अडकते, आणि आवळून ओढला तर पुढची नक्षी चुण्या घेते.

गोकर्णाच्या फुलात एका रंगाचे अकरा टाके सलग आहेत. मी अडकवत होते. बहुतेक वेळा.

घरात सासूबाई आहेत, वय एकोणनव्वद. एकेकाळी त्यांनी खानदानातल्या प्रत्येक बाळाची कुंची विणली. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना भिंतीवरच्या मुंगीची मिशी दिसते. रोज दुपारी चहाला त्या आरामखुर्चीतून म्हणायच्या, "आण बघू. मागची बाजू दाखव." आणि मी म्हणायचे, "आई, पुरा होऊ द्या."

कारण मला पळवाट सापडली होती. हा मफलर सपाट पट्टी विणत नाहीत, उशीच्या अभ्र्यासारखा गोल विणतात. दुहेरी, उबदार, आणि मागची बाजू कायमची आत. शेवटी दोन्ही टोकं टाक्याला टाका जोडून बंद केली की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या जोडणीला किचनरचं नाव आहे, हिंदुस्थानचा सरसेनापती असताना लॉर्ड कर्झनशी कडाकडा भांडला तोच. आयुष्यात त्याचं कर्झनशी जुळलं नाही आणि नाव मिळालं ते जोडणीला.

एक टोक जोडून झालं होतं. दुसरं जोडायच्या आधी मी चहा करायला उठले आणि मफलर खुर्चीवर राहिला. परत आले तर सासूबाईंनी तो मांडीवर घेतला होता. समोरच्या वहिनीही आल्या होत्या, विरजण मागायला.

"मागची बाजू दाखव."

"आई, याला मागची बाजूच नाही."

त्यांनी मफलर उलटला. फुलं. परत उलटला. परत फुलं. मग त्यांना उघडं टोक सापडलं, आणि अभ्रा चढवताना घालतो तसा त्यांनी सरळ कोपरापर्यंत हात आत घातला.

आतला हात बघत बघत पुढे सरकताना बाहेरून दिसत होता. सदाफुलीखाली थांबला, तुळशीखाली जरा घुटमळला, गोकर्णापाशी अडला. अंगठी. हात मागे येईना, पुढे जाईना. मी ओढायला गेले तर ओरडल्या, "ओढू नकोस, टाका तुटेल!" मेच्या तेवीस तारखेला, दुपारी चार वाजता, एकोणनव्वद वर्षांची बाई कोपरापर्यंत शेटलंडच्या मेंढीत अडकली होती. वहिनींनी साबण आणू का विचारलं. नवऱ्याने कात्री आणली आणि माझ्या तोंडाकडे बघून परत नेली. लर्विकच्या बाई असत्या तर त्यांनी कापलंही असतं.

एकच मार्ग होता. सगळा मफलर पायमोज्यासारखा उलटा करत हातापर्यंत आणायचा. केला. वीतवीत करत एक वर्ष दोन महिन्यांची मागची बाजू वहिनींच्या साक्षीने दिवाणखान्यात बाहेर आली.

सासूबाईंना हात सुटायची घाई नव्हती. त्या वाचत होत्या. "हं. इथे हात घट्ट आहे, पाहुणे होते वाटतं. इथे सैल सोडलास, मालिका बघत होतीस. इथे... इथे काय झालं?"

"फोन आला होता."

"हं." अंगठी सोडवता सोडवता त्यांची नजर आणखी खाली गेली. मागे नक्षी उलट्या रंगात दिसते, पानाच्या जागी जमीन आणि जमिनीच्या जागी पान. त्यांनी चष्मा वर केला, मान तिरकी केली.

"कढीपत्ता ना गं हा? आणि हे अळू."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी विरजणाच्या वाटीत बघितलं.

"मग आई, कसा झालाय?"

"मागची बाजू चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पुढची जरा सुधार."